‘पोरीला प्रयोगाला देऊ का?’ : आयटीपी, प्लेटलेट आणि संशोधनासाठी मागितलेलं रक्त

प्रश्न थोडा आटोपशीर करून देतो. लालबागहून एका आईने विचारलंय: “मुलगी २४ वर्षांची. गेल्या महिन्यात पायांवर लाल ठिपके उठले, दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. प्लेटलेट ११ हजार. डेंग्यू-मलेरिया निगेटिव्ह. आयटीपी म्हणाले, म्हणजे शरीर स्वतःच प्लेटलेट मारतं म्हणे. स्टिरॉइड सुरू केलंय. प्लेटलेट चढवा म्हटलं तर डॉक्टर नको म्हणतात. शेजारपाजारचे पपईच्या पानांचा रस आणि गुळवेल द्या म्हणतात. त्यात आता डॉक्टर विचारतायत की संशोधनासाठी तिचं थोडं रक्त घेऊ का. घरात यावरून वाद. ह्यांचं म्हणणं, पोरीला प्रयोगाला द्यायचं नाही. काय करू?”

ताई, घरातला वाद आधी मिटवू. रक्त द्यायला हरकत नाही. कागद वाचा आणि द्या. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल. पण त्याआधी त्या ११ हजारांचं बघू, कारण तुमची झोप त्या आकड्याने उडवलीय.

मुंबईत पावसाळा लागला की प्लेटलेटचे आकडे व्हॉट्सॲपवर क्रिकेटच्या स्कोअरसारखे फिरतात. सकाळी ६०, संध्याकाळी ४२, उद्या काय? त्या सवयीने आपण आयटीपीकडेही तसंच बघतो, आणि तिथेच फसतो. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात त्या काही दिवसांत आपोआप चढतात. तिथे खरी भीती रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब कोसळण्याची असते. आयटीपीत बाकी सगळं शरीर ठणठणीत असतं, फक्त प्लेटलेट नसतात. ११ हजार असलेली मुलगी हसत ओपीडीत चालत येते. डेंग्यूतला ५० हजारांचा रुग्ण तिच्यापेक्षा कितीतरी जास्त आजारी असू शकतो.

आकडा आला की आधी तो खरा आहे का हे बघायचं. मी रेसिडेंट होतो तेव्हा एका तरुणाचा रिपोर्ट १८ हजार आला. आम्ही धावपळ करून बेड मिळवला, नातेवाइकांना रडवलं, रक्तपेढीत फोन झाले. दुसऱ्या दिवशी सरांनी काचपट्टी मायक्रोस्कोपखाली धरली आणि काही न बोलता मला बघायला बोलावलं. प्लेटलेट भरपूर होत्या, पण गुच्छ करून बसलेल्या. सीबीसीच्या जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेलं असतं. हजारात एखाद्याच्या प्लेटलेट त्या ईडीटीएमुळेच एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या गुच्छाला प्लेटलेट म्हणून मोजत नाही. निळ्या बुचाच्या, सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा मोजल्या तर दोन लाखांच्या वर. त्या तरुणाला काहीच झालेलं नव्हतं. तेव्हापासून काचपट्टी स्वतः बघितल्याशिवाय मी आयटीपी हा शब्द तोंडातून काढत नाही. तुमच्या मुलीला ठिपके आहेत, हिरड्यांतून रक्त येतंय, म्हणजे तिचा आकडा खरा असणार. तरी ‘स्मिअर, म्हणजे काचपट्टी, बघितला का?’ एवढं विचारायला लाजू नका. त्याच पट्टीवर तुटक्या-फुटक्या तांबड्या पेशी दिसल्या तर तो टीटीपी नावाचा वेगळा आणि तातडीचा आजार असू शकतो. त्यात स्टिरॉइडवर थांबून चालत नाही, रुग्णाचा प्लाझ्मा बदलावा लागतो.

आता ‘शरीर स्वतःच प्लेटलेट मारतं’ म्हणजे काय. निरोगी माणसाच्या हाडांतल्या मगजात रोज सुमारे १०० अब्ज प्लेटलेट तयार होतात. एक प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते, म्हातारी झाली की प्लीहा (स्प्लीन) आणि यकृत तिला काढून टाकतात. आयटीपीत शरीर प्लेटलेटच्या अंगावरच्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. अँटिबॉडी लागलेली प्लेटलेट प्लीहेतल्या पेशींच्या हाती सापडते, आणि मग ती दिवसांऐवजी तासांत संपते. म्हणूनच तुमचे डॉक्टर प्लेटलेटची पिशवी लावत नाहीत. ते कंजूषपणा करत नाहीयेत. बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटनाही तीच अँटिबॉडी लागते, त्याच प्लीहेत त्या जातात. मेंदूत किंवा पोटात जीवघेणा रक्तस्राव झाला तर आम्हीही पिशव्या लावतो, पण तेव्हा सोबत इतर औषधंही जोरात चालू असतात. नुसता आकडा सजवण्यासाठी पिशवी लावणं म्हणजे भोक पडलेली बादली नळाखाली ठेवणं.

हे आज मी चार ओळींत सांगतोय. १९५० साली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मगज प्लेटलेट बनवत नाही की बनलेल्या प्लेटलेट मारल्या जातात, यावर दोन तट होते. प्राग शहरात पॉल कात्सनेलसन नावाच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने १९१६ साली प्राध्यापकांच्या मागे लागून एका बाईची प्लीहा काढायला लावली. तिच्या प्लेटलेट धडाधड वाढल्या. म्हणजे प्लीहेचा काहीतरी संबंध आहे हे कळलं, पण प्लीहा खलनायक आहे की नुसती मारेकरी, हे कळलं नाही. सुपारी देणारा कोण?

उत्तर मिळालं अमेरिकेतल्या सेंट लुइसला. विल्यम हॅरिंग्टन आणि जेम्स हॉलिंग्सवर्थ हे दोघं तिथे रक्तविकारांत शिकाऊ डॉक्टर होते. त्यांचा तर्क साधा होता: रोग्याच्या रक्तात काही विषारी घटक असेल, तर तो निरोगी माणसाच्या अंगात घातला की त्याच्याही प्लेटलेट पडायला हव्यात. प्रयोग कुणावर करायचा, हा प्रश्न त्यांनी स्वतःपुरता सोडवला. हॅरिंग्टनने आयटीपीच्या एका बाईचं अर्धा लिटर रक्त स्वतःच्या शिरेत घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट जवळजवळ नाहीशा झाल्या. त्याला आकडी आली. अंगावर ठिपके उठले. सहकारी छातीच्या हाडात सुई घालून त्याच्या मगजाचा नमुना काढत राहिले, आणि तिथे प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी जागच्या जागी होत्या. साधारण आठवड्याभरात तो सावरला. म्हणजे कारखाना चालू होता, माल बाहेर पडल्यावर लुटला जात होता, आणि लुटणारी गोष्ट रक्तातच होती. पुढे त्याच रुग्णालयातल्या आणखी काहींनी स्वतःवर असा प्रयोग करून घेतला. १९५१ मध्ये निबंध छापून आला. तो घटक म्हणजे आयजीजी अँटिबॉडी, हे १९६५ च्या सुमारास शुलमन यांच्या कामातून पक्कं झालं.

आज कुठलीही एथिक्स कमिटी असा प्रयोग मंजूर करणार नाही, आणि करूही नये. त्या आकडीत हॅरिंग्टन गेला असता तर आपण त्याला शूर म्हटलं असतं की मूर्ख, कुणास ठाऊक. पण तुमच्या ‘ह्यांना’ एक गोष्ट जरूर सांगा. या आजाराच्या इतिहासात पहिला उंदीर झाला तो डॉक्टर. आणि त्या बाईने रक्त दिलं नसतं तर तोही काही करू शकला नसता. तिचं नाव कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही.

रक्तविकार आणि स्वयंप्रतिकार, म्हणजे शरीराने शरीरावरच उलटणं, हे दोन विषय एकाच ओपीडीत का येतात, असं विद्यार्थी विचारतात. कारण ही कल्पना माणसात पहिल्यांदा सिद्ध झाली तीच रक्तात. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला पॉल एर्लिख यांचं म्हणणं होतं की शरीर स्वतःविरुद्ध असं काही करणारच नाही, निसर्ग तसं होऊ देणार नाही. १९०४ मध्ये डोनाथ आणि लँडश्टायनर यांनी दाखवून दिलं की एका आजारात थंडी लागली की रुग्णाच्या रक्तातलीच अँटिबॉडी त्याच्याच तांबड्या पेशींना चिकटते आणि अंग गरम झालं की त्या पेशी फुटतात. तरी एर्लिख यांच्या नावाचा दरारा असा की पुढची चाळीसएक वर्षं बहुतेकांनी तिकडे डोळेझाक केली. १९४५ मध्ये कूम्ब्स, मूरंट आणि रेस यांनी पेशीवर चिकटलेली अँटिबॉडी ओळखायची सोपी तपासणी काढली आणि मग डोळेझाक करणं अवघड झालं. कूम्ब्स मूळचे गुरांचे डॉक्टर. त्यांच्या नावाची टेस्ट तुमच्या मुलीच्या फाइलमध्येही असेल, बघा: ‘डीसीटी’ असं लिहिलेलं असतं. ती पॉझिटिव्ह असेल आणि हिमोग्लोबिनही पडत असेल, तर एकाच वेळी तांबड्या पेशी आणि प्लेटलेट दोन्हींवर हल्ला चाललाय का हे बघावं लागतं.

मग प्लेटलेटची अँटिबॉडी तपासून आयटीपी पक्का का करत नाहीत? कारण ती टेस्ट फसवी आहे. खऱ्या आयटीपीच्या जवळपास निम्म्या रुग्णांत ती सापडतच नाही. काहींत हल्ला अँटिबॉडीऐवजी टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींकडून होतो, काहींत अँटिबॉडी असते पण आपल्या हाताला लागत नाही. म्हणून आयटीपीचं निदान आजही बाकी सगळं बाजूला सारत सारत होतं: एचआयव्ही, हेपटायटिस सी, ल्युपस (हाही शरीर स्वतःवर उलटण्याचाच आजार), थायरॉइड, चालू असलेली औषधं, मद्य, यकृत. पोटातल्या हेलिकोबॅक्टर नावाच्या जंतूचाही काही रुग्णांत संबंध असतो. तो जंतू मारल्यावर प्लेटलेट चढल्याचं १९९८ मध्ये इटलीतून प्रथम कळवलं गेलं आणि नंतर जपानमधून बरेच अनुभव आले. आपल्याकडे हा जंतू इतक्या पोटांत असतो की सापडला म्हणजे तोच गुन्हेगार असं म्हणवत नाही, पण तपासणी स्वस्त आहे. करून घ्यावी.

तुमच्या मुलीला संशोधनासाठी रक्त मागतायत ते बहुधा याच खिंडारासाठी. कुणाच्या अंगात अँटिबॉडी, कुणाच्या टी-पेशी, कोण स्टिरॉइडला दाद देईल, कोण नाही, हे आज आम्हाला पहिल्या भेटीत सांगता येत नाही. सगळ्यांना एकाच वाटेने चालवतो आणि बघतो.

ती वाट अशी. मोठ्या माणसात प्लेटलेट ३० हजारांच्या वर असतील आणि रक्तस्राव नसेल किंवा किरकोळ असेल, तर बऱ्याचदा आम्ही काहीच देत नाही. हे ऐकून नातेवाईक उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. तुमच्या मुलीचा आकडा त्याखाली आहे आणि हिरड्यांतून रक्त येतंय, तेव्हा स्टिरॉइड बरोबर आहे. चार दिवस डेक्सामेथासोनचा मोठा डोस किंवा काही आठवडे प्रेडनिसोलोन, दोन्ही चालतं. मात्र प्रेडनिसोलोन सहा आठवड्यांपलीकडे ओढत नेऊ नये. आमच्याकडे दुसऱ्या गावाहून असे रुग्ण येतात ज्यांना दोन-दोन वर्षं स्टिरॉइड चालू आहे, चेहरा सुजलाय, साखर वाढलीय, हाडं ठिसूळ झालीत, आणि प्लेटलेट आहेत तिथेच आहेत. आकड्याच्या मागे लागून माणूस खराब केला, दुसरं काय. पण उलटही लक्षात ठेवा: बरं वाटलं म्हणून स्टिरॉइड एकदम बंद करायचं नाही, डॉक्टर सांगतील तसंच उतरवायचं. मुलगी चिडचिड करेल, रात्री दोनला उठून पोळी मागेल. ते औषध बोलतंय, ती नाही. आणि मुंबईत राहतो म्हणून एक सांगतो: स्टिरॉइड किंवा रिटुक्सिमॅब (अँटिबॉडीच्या मुळाशी असलेल्या बी-पेशी संपवणारं औषध) देण्याआधी टीबी आणि हेपटायटिस बी यांची चौकशी झाली का हे विचारा. दबून बसलेला टीबी स्टिरॉइडखाली डोकं वर काढतो, हे मी इथे अनेकदा पाहिलंय.

लगेच आकडा वर आणायचा असेल, समजा ऑपरेशन आहे किंवा जोरात रक्तस्राव आहे, तर आयव्हीआयजी देतात. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून गोळा केलेली अँटिबॉडी. १९८० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये पॉल इम्बाख यांनी अँटिबॉडी कमी असलेल्या एका मुलाला ती दिली होती. त्याच्या प्लेटलेटही कमी होत्या, आणि त्या अनपेक्षितपणे चढल्या. नंतर त्यांनी ती आयटीपीच्या मुलांना देऊन पाहिली. एका आजारासाठी दिलेलं औषध शेजारच्या आजारावर लागू पडलं, आणि ते ज्याच्या नजरेतून सुटलं नाही त्याच्या नावावर तो शोध लागला. परिणाम दोन-तीन आठवडे टिकतो आणि खर्च मोठा, म्हणून ते रोजचं औषध नाही.

आता सगळ्यात रंगतदार गोष्ट, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. मगजाला ‘प्लेटलेट बनव’ असा निरोप देणारा थ्रोम्बोपोएटिन नावाचा संप्रेरक १९९४ मध्ये हाती लागला. वाटलं, झालं काम. हा संप्रेरक यकृत जवळजवळ एकाच गतीने बनवत असतं, आणि प्लेटलेट व त्यांना बनवणाऱ्या पेशी तो शोषून घेतात. प्लेटलेट जास्त तर शोषण जास्त, निरोप कमी. प्लेटलेट कमी तर निरोप जास्त. मग आयटीपीत तो भरपूर असायला हवा ना? मोजला तर जेमतेम नेहमीइतकाच. कारण मगजात बनवणाऱ्या पेशी गर्दीने उभ्या आहेत, आणि प्लेटलेट मरताना संप्रेरकही सोबत घेऊन जातात. म्हणजे निरोप पुरेसा पोचतच नाही. नंतर हेही कळलं की अँटिबॉडी त्या बनवणाऱ्या पेशींनाही त्रास देते. हॅरिंग्टनचा निष्कर्ष निम्मा खरा निघाला: माल लुटला जातो हे खरंच, पण कारखानाही पूर्ण ताकदीने चालत नाही.

मग बाहेरून संप्रेरक द्यायचं ठरलं. पहिलं औषध शरीरातल्या थ्रोम्बोपोएटिनशी बरंच मिळतंजुळतं होतं. निरोगी स्वयंसेवकांना, प्लेटलेट दान करता याव्यात म्हणून, ते दिलं. त्यातल्या काहींच्या शरीराने त्या औषधाविरुद्ध अँटिबॉडी बनवली आणि ती अँटिबॉडी त्यांच्या स्वतःच्या संप्रेरकालाही लागली. धडधाकट माणसांच्या प्लेटलेट पडल्या. मदत करायला आलेल्यांना आम्ही आजार दिला. १९९८ मध्ये ते काम थांबवलं गेलं. त्यानंतरच्या लोकांनी धडा घेतला: निरोप तोच, पण पोचवणारा असा हवा की ज्याचा चेहरा आपल्या संप्रेरकाशी अजिबात मिळत नाही. त्यातून रोमिप्लोस्टिम आणि एल्ट्रोम्बोपॅग ही औषधं आली. दोघांनाही अमेरिकेत २००८ मध्ये मंजुरी मिळाली. आज आपल्याकडे ती दोन्ही मिळतात.

एल्ट्रोम्बोपॅगची गोळी सुरू झाली तर घरात एक शिस्त लागेल. कॅल्शियमसोबत घेतली तर ती पोटातच बांधली जाते. गोळीच्या आधी चार तास आणि नंतर दोन तास दूध, दही, ताक, पनीर, कॅल्शियमच्या गोळ्या, काही नाही. एक आजी नातवाला रोज ही गोळी प्रेमाने दुधासोबत देत होत्या. औषध काम करत नाही म्हणून डोस वाढवायची तयारी झाली होती. शेवटी डोस तोच ठेवून फक्त दूध बाजूला केलं.

यापलीकडे रिटुक्सिमॅब आहे, प्लीहा काढणं आहे. प्लीहा काढल्यावर सुमारे दोनतृतीयांश लोकांना दीर्घकाळ फायदा होतो. कात्सनेलसनचा तो उपाय शंभर वर्षांनंतरही बऱ्याच गोळ्यांना भारी आहे. पण पहिलं वर्ष तरी थांबतात, कारण काहींचा आजार आपणहून ओसरतो. लहान मुलांत तर बहुतेकांचा. आणि ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी न्यूमोकॉकस वगैरे जंतूंच्या लसी घ्याव्याच लागतात. आज त्यातलं काहीच तुमच्यासमोर नाही. ते पान उघडायची घाई नको.

पपईच्या पानांचा रस: डेंग्यूत काही छोटे अभ्यास झालेत. आयटीपीत तो लागू पडतो याचा भरवशाचा पुरावा नाही. तो कडू रस पिऊन उलट्या झाल्या तर आम्हाला मेंदूतल्या रक्तस्रावाची उलटी की रसाची, हा जादा घोळ. गुळवेलीबद्दल मात्र मी थोडा कडक बोलेन. लोक ती ‘इम्युनिटी वाढावी’ म्हणून घेतात. तुमच्या मुलीची प्रतिकारशक्ती कमी नाही, ती भलतीकडे चाललीय. तिला आणखी टाच मारायची कशाला? कोविडच्या काळात, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर दरम्यान, मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणारे सहा रुग्ण पाहिले, ज्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि तिचं रूप स्वयंप्रतिकारासारखं होतं. २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वाद चालू राहू द्या, पण स्वयंप्रतिकाराचा आजार असलेल्या माणसाने त्या वादात स्वतःचं यकृत पणाला लावू नये.

आणि घरच्या गोष्टी. ॲस्पिरिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम नाही. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. दंडात-कमरेत इंजेक्शन नाही. मऊ ब्रश. पाळीत जास्त जात असेल तर सांगायला लाजू नका, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडने ते आवरतं. पाळीतून जाणाऱ्या रक्तामुळे लोह कमी होतं आणि मुलगी ‘आयटीपीमुळे थकते’ असं सगळे समजतात. लोकलला दारात उभं राहणं, दहीहंडीत थराला लागणं हे या वर्षी नाही. बाकी कामावर जाऊ दे. मेंदूत रक्तस्राव होणाऱ्यांचं प्रमाण मोठ्यांत शंभरात एक-दीड आहे, म्हणजे फार नाही पण विसरण्याइतकं कमीही नाही. तोंडात आतल्या बाजूने काळपट रक्ताचे फोड आले, शौचाला काळं झालं, किंवा कधी नव्हे असं डोकं दुखून उलटी झाली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठायची. अंगावरचे ठिपके वाढले एवढ्याने पळायची गरज नाही. आकडा रोज करू नका. आठवड्यातून एकदा, डॉक्टर सांगतील तसा, एकाच लॅबमध्ये.

आता पुन्हा त्या नमुन्याकडे. तुम्ही लालबागला राहता, म्हणजे रक्तावरच्या संशोधनाच्या एका जुन्या गल्लीत राहता असं म्हटलं तरी चालेल. पलीकडे परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय रुधिरप्रतिकारशास्त्र संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था आज रक्ताच्या आणि स्वयंप्रतिकाराच्या आजारांवर काम करते. त्याच्याही आधी, १९५२ मध्ये, डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या काही लोकांत असा रक्तगट पाहिला की ओ गटाचं रक्तसुद्धा त्यांना जुळेना. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव जगभर रूढ झालं ते तिथून. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा असतो. तोवर ‘ओ म्हणजे सगळ्यांना चालतो’ हे सगळे गृहीत धरून होते. आणि परळच्याच हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये १९२८ पासून ल्युसी विल्स या इंग्लिश डॉक्टर गिरणगावातल्या गरोदर बायकांच्या पांडुरोगाचा, म्हणजे रक्त कमी असण्याचा, पाठपुरावा करत होत्या. गिरणीत उभ्या राहून काम करणाऱ्या, हलकंसलकं खाणाऱ्या बाया. स्वस्तातल्या मार्माइट नावाच्या यीस्टच्या चाटणाने त्या बायकांचं रक्त भरून आलं. त्या चाटणात काय होतं ते पुढे कळलं: फॉलिक ॲसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला जी गोळी मिळते तिचं मूळ तुमच्या पणजीच्या पिढीतल्या, कदाचित तुमच्याच चाळीतल्या, बायकांच्या रक्तात आहे. ‘ह्यांना’ हे सांगून बघा.

पुढचं टोकही इथेच दिसतंय. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेली भारताची पहिली कार-टी उपचारपद्धत, नेक्सकार-१९, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना बी-पेशींवरची सीडी-१९ ही खूण ओळखायला शिकवून परत सोडायचं, की त्या बी-पेशींना संपवतात. ही परवानगी रक्ताच्या विशिष्ट कर्करोगांसाठी आहे. पण अँटिबॉडी बनवण्याचं मूळ बी-पेशींतच असतं. जर्मनीत एर्लांगेनच्या चमूने २०२१ मध्ये ल्युपसच्या एका २० वर्षांच्या मुलीला, इतर सगळं थकल्यावर, अशाच पेशी दिल्या आणि तिचा आजार शांत झाला. २०२२ मध्ये अशाच पाच रुग्णांचा अनुभव त्यांनी मांडला, पाचही जणांचा आजार शमला होता. तुमच्या मुलीला याची गरज नाही, आणि कुणी आज आयटीपीसाठी ‘कार-टी करून टाकू’ म्हणालं तर तिथून उठून या. मी हे सांगतोय ते एवढ्यासाठी की कर्करोगाचा डॉक्टर, सांध्यांचा डॉक्टर आणि रक्ताचा डॉक्टर आता एकाच पेशीकडे बघतायत, आणि त्या पेशी कुणाच्या तरी शिरेतूनच येतात.

मात्र ‘रक्त द्या’ म्हणतानाच सांगतो, डोळे मिटून देऊ नका. संमतीपत्र मराठीत मागा. नुसता नमुना घेणार आहेत की नवं औषध देऊन बघणार आहेत, हे आधी स्पष्ट करून घ्या, कारण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नमुना असेल तर किती मिलिलिटर, किती वेळा, साठवून ठेवणार का, नाव काढून टाकणार का, दुसऱ्या कुठे पाठवणार का. औषधाची चाचणी असेल तर ती भारताच्या चाचणी-नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदलेली असायलाच हवी. २००९ पासून ते सक्तीचं आहे. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, हे २०१९ च्या नियमांत लिहिलेलं आहे. संमतीपत्रावर एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो, तो शोधा. एका चांगल्या केंद्रात कागदाला हात लावायच्या आधी ‘कधीही नाही म्हणू शकता, तुमच्या उपचारात फरक पडणार नाही’ हे वाक्य तुम्हाला तोंडी ऐकू येईल. ते ऐकू आलं नाही, किंवा नमुन्याचे पैसे तुमच्याकडूनच मागितले, तर सरळ नको म्हणा.

आणि सही तिची घ्यायला सांगा. ती २४ वर्षांची आहे. तुम्ही, मी किंवा ‘हे’ तिच्या वतीने हो किंवा नाही म्हणू शकत नाही. फक्त एवढं विचारा, की तिचा नेहमीचा सीबीसी काढतील तेव्हाच त्याच सुईतून ती एक ट्यूब भरता येईल का. बहुतेक ठिकाणी येते, आणि ११ हजार प्लेटलेटवर दुसऱ्यांदा टोचून हात काळानिळा करण्यापेक्षा ते बरं. टोचल्यावर कापूस पाच मिनिटं दाबून धरायला मात्र तिला आठवण करा.